सरकी कोणाची? बदलत्या हवामानातील बीजविविधतेचा प्रश्न

(शेतकरी कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)

शेतीच्या प्रश्नाची चर्चा सुरू झाली की जमीन, पाणी, पतपुरवठा आणि बाजारभाव या चार गोष्टींचा उल्लेख हटकून होतो, आणि तो योग्यच आहे. कसेल त्याची जमीन, पाण्याचे समन्यायी वाटप, उत्पादनखर्चावर आधारित भाव या मागण्यांसाठी महाराष्ट्रात मोठे लढे झाले, कार्यकर्त्यांनी तुरुंगवास सोसला. पाचवी गोष्ट मात्र या चर्चेत क्वचितच येते. ती म्हणजे बी. याचे कारण समजण्यासारखे आहे. जमिनीला सातबारा होता, पाण्याला पाळी होती, कर्जाला सावकार किंवा सोसायटी होती. बियाला मात्र कोणी धनी नव्हता. ते घरच्या कणगीत असे, शेजाऱ्याकडे असे, माहेराहून परतणाऱ्या सुनेच्या ओटीतूनही येई. जे कोणा एकाचे नाही आणि म्हणूनच सर्वांचे आहे, त्याच्यावर उद्या कोणी ताबा सांगेल अशी शंका येण्याचे कारणच नव्हते. तसा ताबा आता सांगितला जात आहे, आणि नेमक्या त्याच काळात ऋतूंनी आपली चाल बदलली आहे. या दोन घटनांचा परस्परसंबंध उलगडणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

हवामान बदलत आहे हे सिद्ध करण्यासाठी आता फार दूर जावे लागत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्याचे त्यात दाखविले आहे, आणि हे एकूण मोसमी पाऊस घटत असताना घडले आहे. म्हणजे पाऊस पडतो तेव्हा ओततो आणि उघडतो तेव्हा आठवडेच्या आठवडे उघडतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात गारपिटीने उभा रब्बी हंगाम झोपविला. २०२२ चा मार्च हा देशातील १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचा दाणा भरण्याच्या ऐन वेळी उष्णता वाढली, दाणा बारीक राहिला आणि त्या वर्षीच्या १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाची निर्यात थांबवावी लागली. हे बदल एकाच दिशेचे असते, दरवर्षी केवळ पाऊस कमी किंवा केवळ ऊन अधिक असे असते, तर त्या एका संकटाला तोंड देणारा एक वाण घडविणे शास्त्रज्ञांना अवघड नव्हते. खरी अडचण अनिश्चिततेची आहे. एकाच शेतावर एका वर्षी दुष्काळ, दुसऱ्या वर्षी ओला दुष्काळ आणि तिसऱ्या वर्षी दोन्ही. अशा परिस्थितीत सर्वोत्तम वाण कोणता, हा प्रश्नच चुकीचा ठरतो.

हे नीट समजण्यासाठी खरीप ज्वारीचे उदाहरण घेणे उपयुक्त होईल. जुन्या गावठी ज्वारीचे निसवणे हे पेरणीच्या तारखेवर फारसे अवलंबून नसे. ते दिवसाच्या लांबीवर अवलंबून असे. पेरणी मृगात होवो की लांबून आर्द्रा-पुनर्वसूत जावो, पावसाळा सरत आला आणि दिवस लहान होऊ लागला म्हणजेच कणीस बाहेर पडे. त्यामुळे दाणा भरण्याचा आणि पक्व होण्याचा काळ बहुधा कोरडा सापडे. पिढ्यान् पिढ्या ज्या शेतकऱ्यांनी, आणि विशेषतः बियाणे राखणाऱ्या स्त्रियांनी, चांगली कणसे निवडून बाजूला काढली, त्यांनी नकळत पावसाचे पंचांगच त्या पिकाच्या अंगात उतरविले होते. शिवाय गावठी वाण म्हणजे एकसारख्या ताटांची पलटण नव्हती. त्यात उंच ताटे होती तशी ठेंगणी होती, लवकर निसवणारी होती तशी उशिरा निसवणारीही होती. वर्ष कसेही जावो, त्या मेळाव्यातील काही झाडे तरी त्या वर्षाला साजेशी निघत.

१९६४ साली सीएसएच-१ हा ज्वारीचा पहिला संकरित वाण भारतात प्रसारित झाला. ठेंगणा, लवकर येणारा, खताला प्रतिसाद देणारा. उत्पादन गावठी ज्वारीच्या मानाने पुष्कळच वाढले, हे निर्विवाद आहे. परंतु हा वाण दिवसाच्या लांबीची वाट पाहत नव्हता. तो आपले ठराविक दिवस मोजून पिकत होता. जूनमध्ये पेरलेले पीक पावसातच पक्व होऊ लागले, कणसावर बुरशी चढली आणि दाणा काळा पडला. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही, भाकरीला चव नाही आणि ठेंगण्या ताटाचा कडबाही कमी. पुढे शास्त्रज्ञांनी बुरशीला दाद न देणारे वाण शोधण्यासाठी पुष्कळ परिश्रम केले. तथापि विदर्भ-मराठवाड्यातील खरीप ज्वारीची पीछेहाट थांबली नाही. तिची जागा बव्हंशी सोयाबीनने घेतली. या घटनेतून निघणारा बोध शास्त्राच्या विरुद्ध नाही. उत्पादन हा एकच गुण मोजला आणि काळवेळ साधण्याचा गुण मोजलाच नाही, तर न मोजलेला गुण हातातून निसटतो, एवढाच तो बोध आहे.

याच ज्वारीच्या इतिहासात दुसरे, आशादायक उदाहरणही आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड करून एम ३५-१ हा रब्बी वाण सिद्ध करण्यात आला. शेतकऱ्यांच्या शेतातले बी, त्याच भागातील जमिनीवर केलेली पारख आणि शास्त्रज्ञांची शिस्त या तिन्हींचा तो संगम होता. काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढणारी, शुभ्र टपोरा दाणा आणि जनावरांना पुरेसा कडबा देणारी ही ज्वारी. तिच्यानंतर कितीतरी वाण आले, पण आठ दशके उलटून गेल्यावरही रब्बी ज्वारीचे नवे वाण तिच्याशीच ताडून पाहिले जातात. तेव्हा वाद जुने आणि नवे असा नाही. निवड कोठे होते, कोणासाठी होते आणि निवडून झाल्यावर ते बी कोणाच्या हाती राहते, हे खरे वादाचे मुद्दे आहेत.

एकजातीपणाचा धोका केवळ गरीब देशांनाच आहे असे मात्र कोणी समजू नये. अमेरिकेत संकरित मक्याचे बियाणे तयार करताना मादी ओळीतील तुरे हाताने खुडावे लागत. ही मजुरी वाचविण्यासाठी तेथील बियाणे कंपन्यांनी ज्यात परागच तयार होत नाही असा, टेक्सासमध्ये सापडलेला एक नरवंध्य प्रकार सर्रास वापरण्यास आरंभ केला. पाहता पाहता देशातील सुमारे ८० टक्के मका या एकाच मातृवंशाचा झाला. १९७० साली करपा रोगाच्या बुरशीची एक नवी जात उद्भवली, आणि तिला नेमका हाच मातृवंश मानवला. दक्षिणेकडून उत्तरेकडे ती वणव्यासारखी गेली. त्या वर्षी देशाच्या मका उत्पादनापैकी सुमारे १५ टक्के नष्ट झाले. दक्षिणेकडील काही भागांत निम्म्याहून अधिक पीक गेले. हजारो शेतांवर वेगवेगळ्या कंपन्यांच्या पाट्या होत्या, परंतु पाट्यांच्या खाली एकच बी होते. बाजारातील नावांची विविधता आणि शेतातील जातींची विविधता यांत किती अंतर असते, याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

या विषाचा उतारा कोठे मिळतो, हे सांगणारी हकिकतही त्याच सुमाराची आहे. आग्नेय आशियात आखूड, दाट लागवडीच्या नव्या भातावर एका विषाणूने खुरटा रोग पसरविला. फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने संग्रहातील सहा हजारांहून अधिक नमुने तपासले. लागवडीच्या वाणांपैकी एकही कामी आला नाही. प्रतिकारशक्ती सापडली ती भारतातून, उत्तर प्रदेशातून नेलेल्या ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एका नमुन्यात. लागवडीच्या दृष्टीने ते केवळ तण. डॉ. गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो गुण लागवडीच्या भातात उतरविला आणि १९७६ साली आयआर-३६ हा वाण प्रसारित झाला. १९८० च्या दशकात जगातील एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर तो उभा होता. डबक्याच्या काठावरच्या एका तणाने कोट्यवधी माणसांचे अन्न वाचविले. आणि इतिहासाचा उपरोध असा, की ज्या विविधतेतून हा वाण जन्माला आला, तिलाच हटवून तो एकटा त्या कोट्यवधी एकरांवर पसरला.

ज्यांनी हा ठेवा राखण्यासाठी आयुष्य वेचले त्यांच्याशी सत्ता कशी वागली, हेही समाजवादी कार्यकर्त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले पाहिजे. निकोलाय वाविलोव या रशियन शास्त्रज्ञाने जगभर फिरून पिकांच्या उगमभूमी निश्चित केल्या आणि अडीच लाखांच्या घरात बियाण्यांचे नमुने गोळा केले. आनुवंशशास्त्रापेक्षा पक्षाच्या सोयीचा सिद्धान्त श्रेष्ठ मानणाऱ्या लायसेन्कोच्या पंथाने त्यांना देशद्रोही ठरविले. १९४० साली त्यांना अटक झाली आणि १९४३ च्या जानेवारीत सारातोवच्या तुरुंगात, जगाच्या भुकेचा विचार करणारा हा माणूस उपासमारीने खंगून मरण पावला. त्याच काळात लेनिनग्राडच्या वेढ्यात त्यांचे सहकारी तांदूळ, शेंगा आणि धान्याच्या पोत्यांमध्ये बसून उपाशी मेले, पण संग्रहातील मूठभर बीही त्यांनी खाल्ले नाही. समाजवादाच्या नावाने चालणारी हुकूमशाही शास्त्राचा गळा कसा घोटते, हे या घटनेइतके विदारकपणे क्वचितच दिसले असेल.

लोकशाही भारताने वेगळ्या रीतीने, पण उपेक्षाच केली. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक डॉ. रिछारिया यांनी परदेशी बुटक्या भाताची घाईने आयात करण्यास विरोध केला आणि १९६७ साली त्यांना ते पद सोडावे लागले. पुढे रायपूरला राहून त्यांनी छत्तीसगडमधील शेतकऱ्यांकडून भाताचे १७ हजारांहून अधिक नमुने जमविले. त्यांची ती संस्थाही मध्येच बंद करण्यात आली. २००२ साली रायपूरच्या कृषी विद्यापीठाने याच संग्रहाच्या संदर्भात एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी करार करण्याचा घाट घातला, तेव्हा छत्तीसगडमध्ये शेतकरी आणि कार्यकर्ते रस्त्यावर आले व तो बेत सोडून द्यावा लागला. ज्या शेतकऱ्यांनी ते बी विनामूल्य दिले, त्यांना न विचारता त्याचा सौदा होऊ शकतो, ही गोष्ट त्या निमित्ताने उघड झाली.

आता महाराष्ट्राच्या सर्वांत दुखऱ्या जागेकडे, म्हणजे कापसाकडे वळणे भाग आहे. देशात कापसाखालील सर्वाधिक क्षेत्र महाराष्ट्रात आहे आणि त्यातील बहुतेक सर्व कोरडवाहू आहे. पावसाच्या लहरीचा सर्वांत थेट आघात या पिकावर होतो. भारतीय उपखंडाची पऱ्हाटी मूळची दोन देशी जातींची. खोल जाणारे सोटमूळ, पावसाची उघडीप सोसण्याची ताकद आणि रसशोषक किडींना सहसा न जुमानणारी पाने हे तिचे गुण. उत्तर भारतात अमेरिकन कापसाची वाताहत करणारा पानांच्या चुरड्याचा विषाणू देशी कापसाला बाधतच नाही. वऱ्हाडातील बनी, हिंगणघाटचा कापूस, नांदेडकडील गावराणी ही नावे एकेकाळी दूरदूरच्या पेठांत परिचित होती. परंतु लँकेशायरच्या गिरण्यांना लांब धाग्याचा अमेरिकन कापूस हवा होता. सबब, धाग्याची लांबी हीच कापसाची प्रत, असे समीकरण इंग्रजी अमदानीत रुजले आणि स्वराज्यातही ते खरेदी केंद्रावर तसेच चालू राहिले. १९४७ साली देशातील सुमारे ९७ टक्के कापूस देशी जातींचा होता. आज तो शोधून काढावा लागतो.

या परिवर्तनाचे दोन टप्पे आहेत. पहिला टप्पा संकराचा. १९७० साली सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा कापसाचा जगातील पहिला व्यापारी संकरित वाण बाहेर पडला. ती शास्त्रीय कामगिरी भारतीय होती, सार्वजनिक होती आणि अभिमानास्पद होती. पण संकरित सरकी पुन्हा पेरली तर पीक एकसारखे येत नाही. बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. कापसाचे संकरित बियाणे तयार करण्यासाठी प्रत्येक कळीतील पुंकेसर हाताने काढावे लागतात आणि पराग हाताने लावावा लागतो. हे काम आंध्र-गुजरातच्या बीजोत्पादन क्षेत्रांत वर्षानुवर्षे लहान मुलींच्या हातून कवडीमोलाने करून घेतले गेले. जगातील बहुतेक कापूस उत्पादक देश सरळ वाणच पेरतात. संकराचा विस्तृत संसार मांडला तो प्रामुख्याने भारताने, कारण त्याला स्वस्त मजुरीचा आधार होता.

दुसरा टप्पा बीटी जनुकाचा. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाच्या तीन संकरित वाणांना परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले आणि दशकभरात देशातील ९० टक्क्यांहून अधिक कापूस या एका तंत्राखाली गेला. आरंभी हिरव्या बोंडअळीचा उपद्रव खरोखरच कमी झाला, फवारण्या घटल्या, उत्पादन वाढले. हे नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु हे जनुक भारतात जवळजवळ केवळ संकरित वाणांतूनच दिले गेले, आणि त्यामागे शेतीशास्त्राचे कारण नव्हते. शेतकऱ्याला दरवर्षी दुकानात आणणे हे कारण होते. २००८-०९ साली सार्वजनिक संस्थांनी सरळ वाणात बीटी आणण्याचा प्रयत्न केला. तो शेतकऱ्याला घरी राखून पेरता आला असता. पण त्या बियाण्यात खाजगी कंपनीचेच जनुक आढळले आणि ते मागे घ्यावे लागले. सार्वजनिक संशोधनाच्या इतिहासातील ही लाजिरवाणी घटना होय, आणि खाजगी कंपन्यांवर टीका करताना ती झाकून ठेवता येणार नाही.

निसर्गाने आपला हिशोब चुकता केला. बाजारातील बीटी संकरित वाण बहुतेक दीर्घ मुदतीचे, शेतात सहा महिने आणि त्याहून अधिक काळ उभे राहणारे. एकाच विषाचा इतका विस्तीर्ण आणि इतका लांबलेला मारा झाल्यावर त्यालाही पुरून उरणारी शेंदरी बोंडअळी निपजणे अटळ होते. गुजरातमध्ये पहिल्या जनुकाला तिने दाद न दिल्याचे २०१० साली जाहीर झाले. पुढे दुसरे जनुकही निष्प्रभ ठरले. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात बोंडे उघडली ती किडकी. त्याच वर्षी यवतमाळ परिसरात कीटकनाशकांची फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. मरणारे बहुधा पाठीवर पंप घेतलेले मजूर होते. बियाण्याची निवड त्यांनी केली नव्हती.

आणि या सर्वांवर पाऊस आहेच. जूनमध्ये दोन सरी पडतात, सरकी टोबली जाते आणि पाऊस तीन आठवडे दडी मारतो. मग दुबार पेरणी. घरची सरकी शेणमातीत घोळून पेरणाऱ्या शेतकऱ्याचे अशा वेळी श्रम वाया जात, पण बी पुन्हा कणगीतून निघे. आज दुबार पेरणी म्हणजे दुबार कर्ज. पुढे सप्टेंबरात पाऊस थांबला, की उथळ जमिनीतील ओल ऑक्टोबरातच संपते. दीर्घ मुदतीच्या संकरित झाडाला पाण्याची खरी गरज तेव्हा सुरू झालेली असते. उलट ऑक्टोबरात अवकाळी पाऊस आला तर बोंडे सडतात. कमी मुदतीचे सरळ वाण दाट पेरले तर पीक ओल संपण्यापूर्वी आणि शेंदरी अळीचा भर येण्यापूर्वी हाती येऊ शकते, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी वारंवार सांगितली आहे. पण दाट पेरणीला बी अधिक लागते, आणि अर्ध्या किलोहून कमी वजनाच्या महागड्या पाकिटाच्या हिशोबात ते बसत नाही. बियाण्याची किंमत झाडांमधील अंतर ठरविते, अंतर पिकाची मुदत ठरविते आणि मुदत शेतकऱ्याचे दैव ठरविते. हवामानाशी जुळवून घेण्याचा मार्ग येथे बाजारानेच अडविला आहे.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. जुन्या बियाण्याने देशाचे पोट भरले नसते, आणि देशी कापसाच्या आखूड धाग्यावर गिरण्या चालल्या नसत्या. आक्षेप गंभीर आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या गव्हावर जगणाऱ्या देशाला नव्या गव्हा-भाताने स्वावलंबी केले, आणि भूतकाळाची आरती ओवाळून कोणाची भूक भागत नाही. परंतु आखूड धागा हे देशी कापसाचे विधिलिखित नव्हते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने अनेक वर्षे चिकाटीने निवड आणि संकर करून देशी जातीतच २८ मिलिमीटरच्या वर धागा असलेले वाण सिद्ध केले आहेत. जे काम शंभर वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर हाती घेता आले असते, ते एका विद्यापीठाने अपुऱ्या साधनांनिशी करून दाखविले. ज्या पिकावर संशोधन झालेच नाही, ते पीक मागासलेले ठरविणे हा न्याय नव्हे. अशाच न्यायाने ज्यांना शाळेत प्रवेश नाकारला, त्यांना अडाणी म्हणण्याची प्रथा या देशात फार काळ चालली.

विविधतेसाठी पीकपैदास कशी करावी, याचे मार्ग शास्त्राला आता ज्ञात आहेत. चीनच्या युनान प्रांतात शेतकऱ्यांच्या शेतांवर एक साधा प्रयोग झाला. करप्याला लवकर बळी पडणारा, पण चढ्या भावाचा चिकट तांदूळ आणि प्रतिकारक वाण हे ओळी आलटूनपालटून एकाच शेतात लावले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चिकट तांदळावरील करपा ९४ टक्क्यांनी कमी झाला आणि त्याचे उत्पादन ८९ टक्क्यांनी वाढले. नवे जनुक नाही, नवे औषध नाही; केवळ शेजार बदलला. पश्चिम आशियात साल्वातोरे चेकारेल्ली या शास्त्रज्ञाने याहून पुढचे पाऊल टाकले. सीरियातील अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्रात त्यांनी बार्लीच्या सुमारे १६०० प्रकारांचे मिश्रण करून ते शेतकऱ्यांना दिले. शेतकरी ते पेरतात, त्यातूनच बी राखतात, पुन्हा पेरतात. दुष्काळाच्या वर्षी दुष्काळ सोसणारी झाडे अधिक बी सोडतात, रोगाच्या वर्षी रोग सोसणारी. वाण स्थिर राहत नाही. तो हवामानाबरोबर चालत राहतो. सीरियात यादवी पेटली, ते केंद्र हातचे गेले आणि २०१५ साली नॉर्वेतील स्वालबार्डच्या बर्फाखालील बीजकोषातून पहिल्यांदाच नमुने परत काढावे लागले. पण इराणसारख्या देशांतील शेतकऱ्यांच्या शेतांत ते मिश्रण वाढतच होते. शीतगृहातील संग्रह आवश्यक आहेतच; मात्र शीतगृहातील बी ज्या वर्षी निजले त्याच वर्षाचे हवामान ओळखते. शेतातील बी दरवर्षी नवा धडा शिकते.

याच्याशी सरकारी धोरण ताडून पाहावे. ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ६१ पिकांचे १०९ वाण एकाच दिवशी प्रसारित झाले. मे २०२५ मध्ये जनुक-संपादित भाताचे दोन वाण जाहीर झाले. शास्त्रज्ञांचे परिश्रम त्यामागे आहेत आणि नव्या तंत्राला केवळ नवे म्हणून विरोध करणे योग्य नव्हे. परंतु यादीतील वाणांची संख्या म्हणजे शिवारातील विविधता नव्हे. जुन्याच्या जागी नवा एकच वाण दहा जिल्ह्यांत पसरविणे हेच यशाचे माप राहिले, तर तंत्र कितीही अद्ययावत असले तरी १९७० च्या मक्याचीच पुनरावृत्ती होईल. जनुक-संपादन कोणत्या गुणासाठी, त्याची पेटंटे कोणाकडे आणि ते बी घरी राखता येणार की नाही, हे प्रश्न आधी विचारले पाहिजेत.

कायद्याच्या बाबतीत भारताची स्थिती अनेक देशांपेक्षा बरी आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ ने शेतकऱ्याला आपल्या शेतातील उत्पन्न, संरक्षित वाणाच्या बियाण्यासह, राखण्याचा, पेरण्याचा, पुन्हा पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. बंदी आहे ती केवळ कंपनीच्या छापासह विकण्याला. हा हक्क जागरूक संघटनांनी झगडून मिळविला आहे. तरीही २०१९ साली पेप्सिको कंपनीने गुजरातमधील बटाटा उत्पादक शेतकऱ्यांवर भरपाईसाठी दावे लावले. देशभर ओरड झाली तेव्हा ते मागे घेण्यात आले. कायद्यात लिहिलेला हक्क संघटनेच्या बळाशिवाय जिवंत राहत नाही, हे त्यावरून दिसते. शिवाय घरची सरकीच उरली नसेल, तर ती राखण्याचा हक्क कागदावरच राहतो.

तेव्हा मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. कृषी विद्यापीठांतील पीकपैदाशीची रिक्त पदे भरावीत आणि सरळ वाणांच्या संशोधनाला प्राधान्य द्यावे. प्रत्येक कृषी-हवामान विभागात शेतकऱ्यांच्या शेतांवर, शेतकऱ्यांच्या सहभागाने निवड व्हावी. तीत कोरडवाहू शेतकरी, आदिवासी आणि स्त्रिया यांना मानधनासह स्थान असावे. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. सन्मान योग्यच, पण गावोगावच्या बीजकोषांना पंचायतीच्या अंदाजपत्रकात तरतूद हवी, गौरव समारंभांनी बी राखले जात नाही. देशी कापसाला स्वतंत्र आधारभाव आणि खरेदीची हमी मिळावी, ज्वारी-बाजरी-नाचणी रेशनवर नियमित यावी. कारण ज्या पिकाला गिऱ्हाईक नाही, ते कोणी केवळ कर्तव्य म्हणून पेरणार नाही. सार्वजनिक संग्रहातील कोणताही नमुना खाजगी कंपनीला देण्यापूर्वी ग्रामसभांना विचारणे बंधनकारक असावे. आणि व्यापार करारांच्या पोटात बियाणे राखण्याचा हक्क गिळंकृत करणारी कलमे येत नाहीत ना, यावर संसदेत आणि संसदेबाहेर सतत पहारा असावा.

मित्रहो, हवामान पुढच्या वीस वर्षांत कोणते वळण घेईल, हे कोणत्याही शास्त्रज्ञाला निश्चित सांगता येणार नाही. ज्याला भविष्य ठाऊक नाही त्याने आपली सर्व पुंजी एका डावावर लावू नये, हे कोरडवाहू शेतकऱ्याला पिढ्यान् पिढ्या माहीत होते. म्हणून तो तुरीत ज्वारी आणि कापसात मूग घेत असे, म्हणून त्याच्या घरात एकाच पिकाची चार बियाणी असत. त्याला ही जोखीम वाटून घेण्याची व्यवस्था सोडायला लावली ती बाजाराने आणि सरकारने मिळून, आणि डाव फसल्यावर नुकसान मात्र त्याच्या एकट्याच्या सातबारावर बोजा म्हणून चढले. ज्यांनी डाव मांडला त्यांनी जोखमीचा वाटा उचलावा, अथवा बियाण्यावरचा ताबा सोडावा. येत्या मृगापूर्वी ज्या गावात दहा घरे तरी सरळ वाणाची सरकी राखून पेरण्याचा निश्चय करतील आणि आपल्या तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे तिची मागणी लेखी नोंदवतील, त्या गावात या प्रश्नाचे उत्तर देण्यास सुरुवात झालेली असेल.